कॉलरबोनच्या ऑपरेशननंतर व्रणावर सिलिकॉन शीट, बऱ्याच महिन्यांचा अनुभव

काल परत कस्टमर केअरशी वाजलं म्हणून लिहितेय. व्रण सपाट व्हावा म्हणून त्यावर चिकटवायची ही सिलिकॉनची पट्टी, म्हणजे शीट, तिच्या कडा सुटतात. बॉक्सवर लिहिलंय धुऊन पुन्हा वापरा, एक पट्टी बरेच दिवस जाईल, पण माझी आठवड्याच्या आतच कोपऱ्यातून उचलायला लागते, त्यात कपड्याचा भुसा अडकतो, काळी किनार धरते आणि मग कितीही साबण लावा ती चिकटत नाही. उत्तर काय तर पॅक उघडलाय, बदलून मिळणार नाही. अहो, न उघडता कडा सुटतात हे कळणार कसं?

कोणी म्हणेल कडेचं एवढं काय. पण सिलिकॉन त्वचेत काही औषध सोडत नाही, ते फक्त झाकतं. त्वचेतलं पाणी उडून जात नाही, वरचा थर ओलसर राहतो आणि त्यामुळे खाली कोलॅजन (व्रण जाड करणारं त्वचेतलं प्रथिन) वाजवीपेक्षा जास्त साठत नाही असं मानतात. म्हणजे जिथे उचललं तिथे कामच बंद. दिवसाचे निदान 12 तास आणि 2-3 महिने तरी लावायची असते, तेही टाके निघून जखम पूर्ण बंद झाल्यावर, ओल किंवा खपली असताना अजिबात नाही.

मध्यंतरी वैतागून बंदच करणार होते. तेव्हा आरशात नीट बघितलं. पट्टी व्रणापेक्षा आखूड, त्यामुळे खांद्याकडचं टोक कायम उघडं राहायचं. तेवढाच भाग लालसर, टणक, बोटाला दोरीसारखा लागणारा. बाकीची रेघ सपाट आणि फिकट. त्या टोकावर बॅगेचा पट्टा पण घासतो आणि खांद्याजवळ ताण जास्त असतो, त्यामुळे सगळं श्रेय शीटला देत नाही, पण तेव्हापासून मत बदललं. वस्तू कामाची आहे, बनवणाऱ्याने कडेचा विचार केलेला नाही एवढंच.

उपाय मीच काढला. कोपरे कात्रीने गोल कापायचे, चौकोनी कोपराच आधी उचलतो. रोज सौम्य साबणाने धुवायची, टॉवेलने न पुसता हवेवर वाळवायची, आणि त्या जागी क्रीम-तेल लावून वर शीट चिकटवायची नाही. दिवसा बाहेर जाताना सिलिकॉन जेलची ट्यूब, अगदी पातळ थर, वाळला की वर एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, कारण नवा व्रण उन्हात काळवंडतो. शीट घरी आणि रात्री. ट्यूब खूप पुरते, खर्च बघता हेच परवडतं.

व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावायचा सल्ला सगळेच देतात. मी नाही लावलं. 1999 च्या एका छोट्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश लोकांना त्यानेच त्वचेची ॲलर्जी झाली होती आणि व्रणाला फायदा दिसला नव्हता.

आणि व्रण कापलेल्या रेषेच्या बाहेर पसरायला लागला, खाज-दुखणं वाढत गेलं तर शीटवर पैसे घालत बसू नका, ते केलॉइड असू शकतं. डॉक्टर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ते वेगळं प्रकरण आहे. साधा व्रण पूर्ण बसून फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे माझं ते टोक अजून बसेल अशी आशा आहे. पुढचा पॅक लांब पट्टीचा आणि गोल कोपऱ्यांचा मिळाला तरच घेणार, मग कंपनी कुठलीही असो.