मुलांच्या पॉप-अप पुस्तकासाठी कोणती मंगोलियन कथा घ्यावी: सात सूर्यांची की मोरिन खूर या तंतुवाद्याची?

एर्खी मेर्गेनच्या कथेत आकाशात सात सूर्य तळपत असतात. हा तिरंदाज सहा पाडतो. सातव्याच्या वेळी नेमकी पाकोळी आडवी येते, बाण तिची शेपटी दुभंगतो आणि सूर्य घाबरून डोंगराआड जातो. कागदी यंत्रणेला याहून सोयीचं काय हवं? डोंगराला खाच ठेवायची, सूर्य पट्टीवर चिकटवायचा. मुलाने पट्टी ओढली की सूर्यास्त! सातही सूर्य पाडण्याची पैज हरलेला तिरंदाज शेवटी तारबाग, म्हणजे बिळात राहणारा मार्मोट होतो. त्यासाठी एक झडप पुरते. अडचण एवढीच की सात सूर्य उभे केले की पान जाड होतं आणि पुस्तक नीट मिटत नाही. म्हणून सहा सूर्य फिरत्या चकतीवर छापावेत.

मोरिन खूरच्या, म्हणजे खुखू नामजिलच्या कथेत पंखांचा घोडा आहे. पान उघडताच मधल्या घडीतून पंख पसरतात, ते दृश्य देखणंच. पण पुढे मत्सरापोटी कुणीतरी ते पंख कापतं आणि घोडा मरतो. चार वर्षांच्या मुलाच्या हाताने ते कापायला लावणं मला तरी पटत नाही. तो प्रसंग सपाट चित्रातच उरकावा. शेवटच्या पानावर मात्र त्या मेलेल्या घोड्यापासून बनवलेलं, घोड्याच्या डोक्याचं मोरिन खूर उभं राहतं. त्याला दोन खरे दोरे लावले, तर पान उघडताना ते ताणले जातात.

पहिलं पुस्तक करायचं तर मी सूर्यच घेईन. मोरिन खूर आठ वर्षांपुढच्यांसाठी.