५०० मधली एक ड्युकाटी मॉन्स्टर मोटरसायकल आमच्या वाड्यात: बरेच महिने चालवल्यावरचा अनुभव

पहिले सांगून टाकतो, गाडी माझी नाही. मोठेबाबांच्या पोराची, म्हणजे आमच्या दादाची आहे. तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहते आणि तिथल्या पार्किंगमध्ये अशी गाडी उभी करायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून ती इकडं वरुड तालुक्यात गावच्या वाड्यात आली आणि चाबी माझ्याजवळ. मागच्या दिवाळीपासून मीच चालवून राहिलो, मीच पुसून राहिलो.

गाडी म्हणजे ड्युकाटी मॉन्स्टरची ३० वर्षांवाली अॅनिव्हर्सरी एडिशन. जगात फक्त ५०० काढल्या, प्रत्येकीवर तिचा नंबर कोरलेला, इटलीच्या झेंड्याचे तीन रंग. आता नुसता नंबर आणि स्टिकर असते ना तर मी हे लिहायलाच बसलो नसतो, कारण जुन्याच गाडीला नवा रंग मारून वर पैसे घ्यायचा धंदा सगळेच करतात. इथं माल खरंच वेगळा आहे. पुढं-मागं ओहलिन्सचं सस्पेन्शन, ब्रेम्बोचे स्टायलेमा ब्रेक, मार्केसिनीचे फोर्ज्ड रिम, टर्मिन्योनीचा सायलेन्सर, लिथियम बॅटरी. रिम हलके असले की काय फरक पडते हे मला कागदावर कधी समजलं नव्हतं. मोर्शी रोडला वळणात गाडी आडवी टाकली की समजते, नुसतं पाहिलं तिकडं गाडी जाते.

इंजिन ९३७ सीसीचं ट्विन म्हणजे दोन सिलेंडरचं, १११ हॉर्सपॉवर. आणि याच्यात डेस्मो आहे, गाड्या जमवणाऱ्या लोकाईचा जीव अडकते तो इथंच. साध्या गाडीत इंजिनचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बंद करायला स्प्रिंग असते, याच्यात उघडायला जसा कॅम (फिरून झडप ढकलणारा उंचवटा) तसाच बंद करायलाही वेगळा कॅम आणि रॉकर (मधली दांडी). ड्युकाटीत हे तालिओनी नावाच्या इंजिनिअरनं १९५६ ला रेसच्या गाडीत आणलं, तेव्हापासून हीच कंपनीची ओळख. पण २०२५ च्या शेवटी जी नवीन मॉन्स्टर दाखवली ती ८९० सीसी आणि स्प्रिंगवाली आहे. म्हणजे दादाची गाडी डेस्मोवाल्या मॉन्स्टरच्या शेवटच्या पिढीतली झाली, तेही घेतल्यावर. त्याला फोनवर सांगितलं तर दहा मिनिटं नुसता हसत होता.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पहिली मॉन्स्टर १९९२ ला कोलोनच्या शोमध्ये दाखवली आणि १९९३ पासून विकली, मिगेल गालुत्सीचं डिझाईन, सुपरबाईकवरून घेतलेली नळ्यांची जाळीदार फ्रेम आणि ९०० सुपरस्पोर्टचं एअरकूल्ड इंजिन, फेअरिंग म्हणजे वरचं झाकण बिकण काहीच नाही, सगळं उघडं. ती जाळीची फ्रेम म्हणजेच मॉन्स्टर असं मानणारे लोक आहेत आणि मी त्यातलाच. २०२१ पासून ती फ्रेम गेली, अॅल्युमिनियमची छोटी फ्रेम आली, वजन बरंच कमी झालं, चालवायला गाडी सुधारली, पण ३० वर्षांचा सोहळा ज्या गाडीचा करून राहिले तिचं हाडच याच्यात नाही. ज्याला फक्त जमवायचीच हौस आहे त्यानं एखादी चांगली जपलेली जुनी एम९००, म्हणजे तीच पहिली मॉन्स्टर, शोधावी, मी तर तेच म्हणीन. ही घ्यायची ती चालवायसाठी.

अन् चालवायचं म्हटलं तर इकडं रस्ते कोणते! समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणजे चांगला रस्ता दुरूनच पाहायचा. गावातल्या ब्रेकरवर सुरुवातीला कंबरडं मोडत होतं, कारण सस्पेन्शन रेसवाल्यासारखं कडक. दादाचे गाड्या जमवणारे दोस्त म्हणे हात लावू नका, फॅक्टरी सेटिंगला किंमत असते. अरे बाप्पा, तो स्क्रू फिरवायलाच दिला आहे ना कंपनीनं! मी आधी सगळे क्लिक मोजून डायरीत लिहून घेतले आणि मग कॉम्प्रेशन-रिबाउंड, म्हणजे सस्पेन्शन दबायचा आणि परत उठायचा कडकपणा, दोन्ही हळूहळू ढिले केले. आता परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाडी मस्त बसते, क्विकशिफ्टरनं क्लच न दाबता गिअर खाली टाकत जायचं, घाटातला आवाज तर विचारूच नका. गावात मात्र आवाज जपून करा, बैल बुजतात.

मे महिन्यात दुपारी काढायचीच नाही. मागचं सिलेंडर बरोबर सीटखाली, वरून पंचेचाळीसचं ऊन, मांड्या भाजून निघतात. ट्विनचा हा स्वभावच आहे, तक्रार करून फायदा नाही. मी उन्हाळ्यात पहाटे काढतो आणि ऊन चढायच्या आत वाड्यात.

ठेवायचं शास्त्र वेगळंच आहे आणि खरी मेहनत त्यातच जाते. लिथियम बॅटरीला ट्रॅक्टरवाला चार्जर लावू देऊ नका, गावातला बॅटरीवाला कितीही म्हणो "काही नाही होत भाऊ", तिला तिचाच चार्जर पाहिजे, आणि आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही म्हणून लाईट असली की लावून घेतो. पावसाळ्यात उभी ठेवायची असली तर टाकी फुल ठेवा, इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढते. शेजारीच धान्याची कोठी, त्यामुळं उंदराचा बंदोबस्त आधी, कव्हर नंतर. तेल वर्षाला बदलायचंच, गाडी फिरो न फिरो. व्हॉल्व्हचं काम ३०,००० किलोमीटरवर येते, तिथवर पोचायला मला म्हातारा व्हावं लागंन. सर्व्हिस सेंटर लांब आहे, गाडी पिकअपमध्ये बांधून न्यावी लागते, हा खर्च घेणाऱ्यानं आधीच धरून चालावा.

गावात लोक सगळ्यात आधी काय विचारतात माहीत आहे? "विकली तं किती येतील?" संत्र्याचा पट्टा आहे, झाडावर फळ असतानाच सौदा करायची सवय. दादालाही हाच प्रश्न पडते अधूनमधून, किलोमीटर वाढले की भाव पडंन म्हणून फोन करते. त्याला म्हटलं, ५०० मधल्या कितीतरी गाड्या काचेमागं बसल्या असतील, त्याईचे ऑईल सील सुकून राहिले असतील, आपली चालू कंडिशनमध्ये आहे, सगळे बिलं फाईलला लावलेले आहेत, विकत घेणारा येईन तेव्हा त्याला घाटात नेऊन दाखवू. तो म्हणते, बरं, पण टायर माझ्या पैशानं बदलू नको. म्हणून सध्या टायरचे पैसे जमवून राहिलो, मृग बहाराचे पैसे आले की घेतो.