हप्त्यांनी बसवलेली हार्मोनची तांबी : वर्षभराच्या वापरानंतर

नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी क्लिनिकमध्ये हार्मोनची तांबी बसवून घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. तिच्या फायद्या-तोट्यांबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पैशांचं कसं जमवायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन कायम खाली. डॉक्टर मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं की साधी तांबी डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत फुकट बसवून मिळते, तिच्यातला ३८० ए हा प्रकार दहा वर्षं चालतो आणि तिचाही भरवसा ९९ टक्क्यांच्या वर आहे. पण तांब्यानं पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, आणि माझा तर आधीच जास्त. म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची, ५२ मिलिग्रॅमची तांबी सुचवली. स्वतःच्या फीआधी फुकटची सोय सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा तिथेच विश्वास बसला.

पाच वर्षांवर हिशेब मांडला तर महिन्याचा खर्च मोबाईलच्या रिचार्जपेक्षा कमी येतो. पण तो सगळा एकाच दिवशी समोर येतो, खरी अडचण ही. मेडिक्लेमकडून काही मिळालं नाही. पॉलिसीत न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत वंध्यत्वाच्या कलमाखालीच गर्भनिरोधनही घातलेलं असतं. मूल हवं असलेली आणि नको असलेली, दोघींना एकाच ओळीत नकार! मला याचा अजूनही राग येतो.

मॅडमनी तोडगा काढला. तांबीचे पैसे आधी, कारण ते त्यांनाही पुढे चुकते करावे लागतात. बसवण्याची फी मात्र हप्त्यांनी. व्याज नाही, कार्ड नाही, कोणाची सही नाही. रिसेप्शनवरच्या ताईंनी माझ्या फाइलच्या आतल्या पानावर पट्टीनं रकाने आखले आणि प्रत्येक हप्त्याला तारीख टाकून सही करत गेल्या. तांबीचे पैसे भिशीतून उभे राहिले. मैत्रिणींनी माझा नंबर आधी लावून दिला, कशासाठी ते एकीनंही खोदून विचारलं नाही. जूनमध्ये पोरांची फी, वह्या-पुस्तकं आली आणि हप्ता चुकला. ताई हळूच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात द्या ना, काही नाही होत." बाहेर भरलेल्या बाकांपर्यंत आवाज गेला नाही, याचं मोल मोठं आहे.

खटकलं ते एवढंच की आधीची सोनोग्राफी या हप्त्यांत नव्हती, आणि ते ऐनवेळी कळलं. दिराकडून उसने घ्यावे लागले. तुम्ही आधीच विचारा : तांबी, फी, सोनोग्राफी, नंतरची तपासणी, सगळं धरून किती?

वापराचं म्हणाल तर बसवताना जोराची कळ आली, मग दोन दिवस ओटीपोट दुखलं. पहिले काही महिने मधूनमधून डाग लागायचे, कंटाळा यायचा. काढून टाकावी असंही मनात आलं. मॅडमनी हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. आता पाळी नावापुरती येते, हिमोग्लोबिन वर आलंय, जिना चढताना धाप लागत नाही. लैंगिक आजारांपासून मात्र ही वाचवत नाही, त्यासाठी निरोधच.

माझ्या जावेला पाळीचा काही त्रास नव्हता. तिनं डागामध्ये साधी तांबी बसवून घेतली, एक पैसा लागला नाही, आणि ती मजेत आहे.