‘चार दिवस सासूचे’: सासू दिल्लीच्या तालमीतली, सून नाटकाच्या दौऱ्यांतली

ई टीव्ही मराठीवर 2001 ते 2013 चाललेल्या, तीन हजारांहून अधिक भागांच्या या मालिकेतल्या सासू-सुनेची तयारी अगदी वेगवेगळ्या ठिकाणी झाली.

रोहिणी हट्टंगडी मूळच्या पुण्याच्या. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकून 1974 साली बाहेर पडल्या. ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळालं, पण त्यांची खरी कसोटी मला ‘सारांश’मध्ये (1984) दिसते. तरुण वयात त्यांनी तरणा मुलगा गमावलेली म्हातारी उभी केली, तीही पांढऱ्या केसांच्या भरवशावर नव्हे. चाल आणि बोलण्याची लय मंदावून. मालिकेतल्या करारी सासूचा दरारा आवाज न चढवता जाणवतो, त्यामागे हीच तालीम आहे.

कविता लाड यांची शाळा व्यावसायिक रंगभूमी. प्रशांत दामलेंसोबतचं ‘एका लग्नाची गोष्ट’ तुफान चाललं. अशा नाटकात हशा टिपेला असतानाच पुढचं वाक्य घेतलं तर ते मागच्या रांगेला ऐकूच जात नाही. फार थांबलं तर प्रसंग पडतो. हे वर्गात नाही, प्रयोगातच कळतं. अडचण कॅमेऱ्यासमोर येते: शेवटच्या रांगेसाठी फेकलेला आवाज क्लोजअपमध्ये अंगावर येतो. कविताताईंनी तो वेळीच आवरला.

पुढे 2018 मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आलं, आणि 2023 मध्ये ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ या मालिकेत त्या स्वतःच खाष्ट सासू झाल्या!