रेकॉर्ड प्लेयर बदलायचाय? आधी कपाटातल्या रेकॉर्डी बघा

मध्यम बजेटमध्ये रेकॉर्ड प्लेयर सुधारायचा म्हटलं की तीन रस्ते दिसतात. आहे त्याच यंत्राला चांगली सुई लावायची, नवं यंत्र घ्यायचं, नाहीतर जुनं दणकट यंत्र शोधून दुरुस्त करून घ्यायचं. नागपूरकरांनी यातलं काहीही ठरवण्याआधी घरातल्या रेकॉर्डी काढून बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे. महाल-इतवारीच्या जुन्या घरांतून एलपी निघतात, मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या छोट्या ईपी निघतात आणि आजोबांनी जपलेल्या ७८ च्या लाखेच्या तबकड्याही निघतात. त्या लाखेच्या तबकड्या ऐकायच्या की नाही, यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

सुईचा रस्ता सगळ्यात स्वस्त आहे, आणि फक्त एलपी ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी इथेच थांबावं. अट एकच, कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती छोटी डबी, बदलता आलं पाहिजे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी ६० एक्ससारख्या सुरुवातीच्या यंत्रात ते बदलता येत नाही, नुसती सुई बदलते. तिथे सुधारणा म्हणजे नवं यंत्रच. कार्ट्रिज बदलता येत असेल तर याच कंपनीची व्हीएम ९५ मालिका सोयीची आहे. बॉडी एकच, तिच्यात साध्या शंकूच्या टोकापासून शिबाटा या खास घडवलेल्या टोकापर्यंत हवी ती सुई खोचता येते. लंबगोल टोकाच्या ‘ई’ सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, मायक्रोलिनिअर ‘एमएल’चं १०००. एमएल बरीच महाग आहे, पण तासांचा हिशोब मांडला की तेवढी महाग राहत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना मी एमएलच सुचवीन. आपल्याकडच्या ख्यालाच्या एलपीत विलंबित बाहेरच्या कडेला सुरू होतं आणि द्रुत, तानांसकट, लेबलजवळ येऊन संपतं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५० सेंमीच्या आसपास सरकते, आत येईपर्यंत हा वेग २१ सेंमीच्या आसपास उतरतो. म्हणजे सगळ्यात दाट गाणं सगळ्यात कमी जागेत कोरलेलं. शंकूच्या टोकाची सुई तिथे चिरकते आणि लंबगोलही थोडी अडखळते. वसंतराव देशपांड्यांची एखादी सुसाट तान शेवटच्या अर्ध्या इंचात आली, की सुईतला फरक ऐकायला तयार कान लागत नाहीत. ज्यांच्या नावाचं सभागृह आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे, त्यांचं गाणं घरी नीट ऐकू यावं एवढा खर्च मला रास्त वाटतो.

नवंच यंत्र घ्यायचं तर ऑडिओ-टेक्निका एलपी १२० एक्स, रेगा प्लॅनर १ आणि प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन इव्हो ही तीन नावं समोर येतात. किंमतही याच क्रमाने चढते. निव्वळ एलपीच्या आवाजात मला रेगा एलपी १२० एक्सच्या पुढे वाटतो. थाळी पट्ट्याने फिरते, शांत आहे, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, उत्तम आहे, मांडायला फार डोकं लागत नाही. पण ३३ वरून ४५ वर जायचं तर वरची थाळी उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो, आणि ७८ नाहीच. इव्होमध्ये ३३ आणि ४५ बटणावर बदलतात, सोबतचा दुसरा पट्टा लावून ७८ ही मिळतो. मात्र हेडशेल, म्हणजे दांड्याचं कार्ट्रिज धरणारं टोक, सुटं होत नाही. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत आणि खिशाला परवडतं, त्यांनी इव्हो घ्यावा.

मिसळ संग्रहाला मात्र एलपी १२० एक्सच. मोटर थेट थाळीखाली असल्याने पट्टा नाही, ३३, ४५, ७८ तिन्ही वेग बटणावर, हेडशेल सुटं. आतला फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, कामचलाऊ आहे. तो मागच्या बटणाने बंद करून पुढे कधीतरी बाहेरचा लावता येतो. बारीक घरघर रेगापेक्षा जास्त आहे, हे खरं. पण बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ७८ वर असतील, तर तो वेगच नसलेलं यंत्र काय कामाचं?

नुसता वेग मात्र पुरत नाही. ७८ ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखर वर येते. त्यासाठी व्हीएम ९५ ची ‘एसपी’ सुई वेगळी मिळते, ३ मिल टोकाची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तिला ५ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, एलपीच्या सुईला २. छोटा डिजिटल काटा घेऊन ठेवा. अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. एलपी १२० एक्सवरची वेगाची सरकपट्टी इथे कामी येते, कारण जुन्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नसत. गाण्याचा सूर पेटीशी जुळवून वेग ठरवता येतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोलवालं क्लीनर मात्र कधीच लावू नका, लाख विरघळते.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पारा ४५ च्या पुढे गेला की रबरी पट्टे लवकर सैल पडतात, म्हणून पट्ट्याच्या यंत्रासोबत जादा पट्टा घेऊन ठेवावा. कूलरची थरथर खिडकीतून भिंतीत आणि जमिनीतून टेबलात येते. यंत्र कूलरच्या भिंतीवर ठेवू नका, समोरच्या भिंतीवर घट्ट फळी ठोका. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या काचेच्या कपाटात एलपी ठेवल्या तर वाकतात, मग कोणतीही सुई लावा.

राहिलं जुनं यंत्र. गॅरार्ड कंपनीचे चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारी यंत्रं, दणकट असतात, पण त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते रेकॉर्डीवर जास्त भार टाकतं. दुरुस्त करणारा माहितीचा असेल तरच या वाटेला जा. अमेरिकेहून कुणी नातेवाईक यंत्र आणून देत असेल तर मागे व्होल्ट-हर्ट्झ लिहिलेली पट्टी आधी वाचा. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा प्रश्न सोडवतो, ६० हर्ट्झचा नाही. विजेच्या आवर्तनावर चालणारी जुनी ए.सी. मोटर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ ने फिरते, आणि काळी एकचा गायक थेट काळी पाचवर उतरतो. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच ते यंत्र घ्या.