गिअरबॉक्सला हात न लावता साडेनऊ हजार घेतले

जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझी २००४ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली. उन्हाळ्यात अंगणातल्या फरशीवर रोज ऑइलचे ठिपके दिसायला लागले. परभणीतल्या एका गॅरेजवाल्यानं खाली वाकून गिअरबॉक्सजवळ बोट फिरवलं, काळं ऑइल दाखवलं आणि म्हणाला, "भाऊ, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागतो." म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो, तिथं ऑइल अडवणारं रबरी कडं. खर्च साडेनऊ हजार. तीन दिवसांनी गाडी दिली आणि चिरा पडलेलं एक जुनं सील माझ्या हातावर ठेवलं. ते पाहून मी बिलही मागितलं नाही.

पंधरा दिवसांत ठिपके परत सुरू.

गंगाखेडला सोयऱ्यांकडं गेलो होतो, तिथं एका वयस्कर मिस्त्रीमामांना गाडी दाखवली. मामांनी आधी काहीच खोललं नाही. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं. मग वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली. "जा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा."

परत आल्यावर बॉनेट उघडलं, तर पांढऱ्या पावडरीत एकच काळी ओली रेघ. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून निघून इंजिनवरून थेट खाली गेलेली. मामा म्हणाले, "टपकतं तिथं शोधू नका. ऑइल वरून उतरतं, गाडी पळाली की वाऱ्यानं मागं जातं. सगळ्यात वर कुठं ओलं आहे ते बघा." शिवाय मागच्या सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो. माझा क्लच कधीच घसरला नव्हता, पण हे मला कोण सांगणार?

त्या झाकणाखालचं रबरी पॅकिंग काढताना दोन तुकडे झाले, इतकं ते कडक झालं होतं. मामांनी इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही साफ केला. तो चोंदला की आतला दाब वाढून ऑइल मिळेल तिथून बाहेर पडतं. नवं पॅकिंग आणि मजुरी धरून सातशे रुपये झाले.

मग त्यांनी टॉर्च लावून गिअरबॉक्सचे बोल्ट दाखवले. त्यांच्या खाचांत जुनी काळी माती घट्ट बसलेली, पान्याचा एक ओरखडा नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे: टॅपेट कव्हरच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात बाहेरून ताजं सिलिकॉन फासलेलं होतं. म्हणजे गळती कुठं आहे हे परभणीच्या गॅरेजवाल्याला पक्कं माहीत होतं.

कुणी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणालं, तर आधी इंजिन धुऊन गळती डोळ्यांनी दाखवायला सांगा. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर रंगाचा एकेक ठिपका लावून फोटो काढून ठेवा, म्हणजे ते खोलले की नाही हे नंतर कळेल. उतरवलेला गिअरबॉक्स जमिनीवर असताना स्वतः जाऊन बघा, आणि पक्कं बिल घ्या.

मी ते सील घेऊन परभणीच्या गॅरेजवाल्याकडं गेलो. त्यानं तीन हजार परत दिले. बाकीच्यासाठी पोळ्यानंतर ये म्हणाला. पोळा होऊन गेला, आता फोन उचलत नाही.