इच्छा नसलेल्यांची बाजू : अँजेला चेन यांचे ‘एस’

लैंगिकतेविषयी मोकळेपणाने लिहिणाऱ्या मराठी लेखनाला र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापासून एक ठाम सूर लाभला आहे. कामेच्छा ही भुकेसारखी नैसर्गिक आहे, स्त्रीलाही ती असते आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही, असा तो सूर. त्याची गरज अजूनही संपलेली नाही. मात्र ज्या व्यक्तीला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही, तिला या मांडणीत जागा कोठे, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. अमेरिकी पत्रकार अँजेला चेन यांचे ‘एस’ हे इंग्रजी पुस्तक (बीकन प्रेस, बोस्टन, २०२०) नेमका तोच प्रश्न धरून बसते, आणि म्हणून पुरोगामी वाचकाला ते सनातनी वाचकापेक्षा अधिक अडचणीचे वाटेल, असे माझे मत आहे.

असे आकर्षण न वाटणारी, म्हणजे अलैंगिक (‘एसेक्शुअल’), माणसे आपसांत स्वतःला थोडक्यात ‘एस’ म्हणवतात. पुस्तकाचे नाव त्यावरून आले आहे. चेन स्वतः अलैंगिक आहेत. चौदाव्या वर्षी इंटरनेटवर या संकल्पनेची ओळख होऊनही ती आपल्याला लागू नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते, कारण आपल्याला कोणाचे रूप आवडते, कोणाच्या प्रेमात पडावेसे वाटते, म्हणजे इतरांना वाटते तेच आपल्यालाही वाटत असणार, असा त्यांचा समज होता. सौंदर्याची ओढ, प्रेमाची ओढ आणि लैंगिक ओढ या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या असू शकतात, हे त्यांना विशीत, एका नात्याच्या पडझडीनंतर कळले. ही सोडवणूक करणारी सुरुवातीची प्रकरणे सावकाश वाचावीत. पुढचे सारे त्यांवर उभे आहे.

पुस्तकाचा बराचसा भाग मुलाखतींचा आहे. त्यांतील कर्मठ ख्रिस्ती घरात वाढलेल्या एका पुरुषाची हकिकत मनात राहते. लग्नापर्यंत थांबलास की पुढे सुखच सुख आहे, हे त्याला लहानपणापासून ऐकवले गेले होते. तो थांबला, आणि त्यात त्याला काही कष्टही पडले नाहीत. लग्नानंतर मात्र ज्याची एवढी वाट पाहायला सांगितली होती, ते हेच का, असे त्याला वाटत राहिले. आपल्याकडे ब्रह्मचर्याला मान आहे, पण तो इच्छा जिंकल्याबद्दल. जिंकण्यासारखे काही नसलेल्याच्या वाट्याला ना तो मान येतो, ना समजूत. त्याला ‘लग्न झाले की सगळे सुरळीत होईल’ एवढेच ऐकवले जाते.

त्यानंतरचे प्रकरण मला अधिक धारदार वाटले. अमेरिकी कवयित्री आणि स्त्रीवादी लेखिका एड्रियन रिच यांनी १९८० मध्ये ‘सक्तीच्या भिन्नलिंगी लैंगिकते’ची कल्पना मांडली होती, तिच्याच धर्तीवर चेन ‘सक्तीच्या लैंगिकते’विषयी, म्हणजे प्रत्येकाला कामेच्छा असलीच पाहिजे या गृहीतकाविषयी, बोलतात. स्त्रीमुक्तीच्या वर्तुळात भरपूर लैंगिक अनुभव हेच मुक्तपणाचे प्रमाणपत्र ठरू लागले, की नको म्हणणारी स्त्री आपोआप दबलेली किंवा मागासलेली ठरते. हा आक्षेप चेन आतून घेतात, चळवळीच्या विरोधात जाऊन घेत नाहीत.

वैद्यकाविषयीच्या प्रकरणात ‘हाउस’ या डॉक्टरांवरील अमेरिकी मालिकेच्या २०१२ मधील एका भागाचे उदाहरण आहे. त्यात एक अलैंगिक जोडपे येते. डॉक्टर शोध घेतो तेव्हा नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघते आणि बायको खोटे बोलत असते. म्हणजे अलैंगिक कोणी नसतेच, असतो तो आजार किंवा बनाव. पुढच्याच वर्षी अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यांना कामेच्छेच्या अभावाच्या निदानातून वगळले, ही गोष्ट त्याच्याशेजारी ठेवून पाहावी. अपंगांना समाज गृहीतच अलैंगिक धरतो, त्यामुळे खरोखर अलैंगिक असलेल्या अपंग व्यक्तीची होणारी दुहेरी कोंडीही चेन यांनी न्यायाने हाताळली आहे.

सर्वांत मोलाचे प्रकरण संमतीचे. नकार द्यायला ‘मला नको आहे’ एवढे कारण पुरेसे का मानले जात नाही, आणि विशेषतः विवाहात ते का मानले जात नाही, याची चर्चा येथे निवांतपणे केली आहे. हे वाचताना मराठी वाचकाला रखमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांचा प्रश्न लैंगिक ओळखीचा नव्हता, बालपणी लादलेल्या विवाहाचा होता. पण नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोग, असा मुंबईच्या न्यायालयाचा १८८७ मधील हुकूम नेमक्या याच गृहीतकावर उभा होता. सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला येण्याचा हुकूम मागता येणारे हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम अजून कायम आहे, आणि भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. चेन यांचे विवेचन अमेरिकी असले, तरी या प्रकरणाला आपल्याकडे भाषांतराइतकेच भाष्यही लाभायला हवे.

प्रेम आणि मैत्री यांच्या सीमेवरचे प्रकरण वाचनीय आहे, पण त्यात पुनरुक्ती आहे.

उणीव आहे ती इतिहासाची. इंटरनेटच्या आधीच्या काळाला पुस्तकात फारच थोडी जागा मिळाली आहे. अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्सी यांनी १९४८ च्या अहवालात भिन्नलिंगी ते समलिंगी कल मोजणारी शून्य ते सहा अशी मोजपट्टी आखली आणि तिच्यात न बसणाऱ्यांना ‘एक्स’ अशा वेगळ्या गटात टाकून पुढे चाल केली. तेथपासून डेव्हिड जे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘एव्हन’ या अलैंगिकांच्या संकेतस्थळापर्यंतची वाट सविस्तर यायला हवी होती. सुमारे एक टक्का लोक अलैंगिक असतात, हा सर्वत्र फिरणारा आकडाही कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगर्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधील एका जुन्या पाहणीवरून काढलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. शिवाय मुलाखती दिलेली माणसे बहुतांशी शिकलेली, इंटरनेटवर वावरणारी आहेत. भारतीय क्वीअर (समलिंगी, तृतीयपंथी आदी लैंगिक अल्पसंख्याकांच्या) चळवळीचा इतिहास हवा असलेल्याने १९९० मध्ये सुरू झालेले ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक आणि पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके यांकडे वळावे. येथे तो मिळणार नाही.

इंग्रजी सोपे आहे, वाक्ये पत्रकारी वळणाची आहेत. ज्यांना सलग वाचायला वेळ नाही, त्यांनी आधी पहिली दोन प्रकरणे वाचून थेट संमतीच्या प्रकरणाकडे जावे. समुपदेशकांनी आणि विवाहविषयक वकिली करणाऱ्यांनी मात्र वैद्यकाचे प्रकरणही सोडू नये.